हुबेहूब

११ सप्टेंबर

माझ्या अंगाला वास येतो म्हणे.

मालकीणबाईंनी आज दुकान उघडल्या उघडल्या मला आणि भिंगवाल्याला समोर उभं केलं. म्हणाल्या, "आपलं काम गिऱ्हाइकाच्या अगदी तोंडाशी असतं. जरा फ्रेश राहायला हवं." म्हणाल्या दोघांना, बघत होत्या माझ्याकडे. भिंगवाला मागच्या खोलीत काचा घासायच्या यंत्रावर बसतो. त्याच्या तोंडाशी कोण जातंय? लेकी बोले सुने लागे.

इतकी वर्षं डोळ्यांचे नंबर काढतोय. ती जड फ्रेम समोरच्याच्या नाकावर बसवायची, एक भिंग घालायचं, एक काढायचं — आता बरं दिसतंय की आधी? — माझं नाक त्याच्या नाकापासून वीतभर. कुणी कधी असं म्हणालं नव्हतं. म्हणणार कसं? तेव्हा ही होती.

१२ सप्टेंबर

सगळे शर्ट हुंगून पाहिले. खरं आहे. कोंदट, ओल्या फडक्यासारखा. ही कपडे गच्चीत उन्हाला घालायची. मी खोलीतच दोरीवर टाकतो आणि विसरतो.

१४ सप्टेंबर

रविवार. लेक आणि जावईबापू येऊन गेले. मालकीणबाईंचं बोलणं मी हसत हसत सांगितलं, पण लेकीच्या लक्षात आलं, मला लागलंय ते. सगळे शर्ट बादलीत घातले, गच्चीत नेऊन टाकले. दोनदा जिने चढली-उतरली तर केवढी धापा टाकत होती. म्हणाली, "वजन वाढलंय माझं." दिसत तर नाही.

जावईबापूंनी खिशातून बोटभर बाटली काढून माझ्या हातात ठेवली. "बाबा, ही ठेवा. माझ्याकडे ढीग आहे." त्यांना सुगंधांचं वेड. कपाटात वीसेक बाटल्या असतील. लेक म्हणते, आमच्या घरात हवा कमी आणि वास जास्त.

मी बाटली घेतली, पण घेताना चुकून स्वयंपाकघराकडे बघितलं. तिघांनीही बघितलं.

आमच्या घराला वास नव्हता. हिला दमा. लग्न झालं त्याच वर्षी कळलं, कुठला वास चालतो आणि कुठला नाही. कुठलाच चालत नव्हता. पावडर नाही, सुगंधी तेल नाही, फुलं नाहीत, फिनेलसुद्धा नाही. साबण तो दवाखान्यातला पांढरा. फोडणी टाकायची ती खिडकी सताड उघडी टाकून, तोंडाला पदर लावून. शेजारचे म्हणायचे, तुमच्याकडे आलं की नाकाला सुट्टी.

मला त्याचं काही वाटलं नाही कधी. खरंच नाही.

१५ सप्टेंबर

आज लावलं.

आंघोळ झाली, दूध गॅसवर ठेवलं आणि आरशासमोर उभं राहून बाटलीचं टोपण काढलं. चोरासारखं वाटत होतं. कुठे मारायचं तेही ठाऊक नाही. छातीवर एक, मानेवर एक. थंडगार लागलं. लिंबाच्या सालीसारखं काहीतरी, मग साबणासारखं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, चांगलंच बरं वाटलं.

आणि आतून खोकला आला.

दोन लहान, एक लांब. दम लागलेला खोकला नव्हे तो. सांगायचा खोकला. मी संध्याकाळी दुकानातून आलो की दारातच ही असं खोकायची. म्हणजे — अहो, आधी शर्ट बदला.

मी म्हणालो, "बदलतो." मोठ्याने म्हणालो. बटणावर हात गेला आणि तिथेच राहिला.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली गळत होतं. ही जानेवारीत गेली.

१६ सप्टेंबर

खालच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं असेल. नळातली हवा असेल. एकटा माणूस असला की भिंतीही बोलायला लागतात म्हणतात.

बाटली लावली नाही आज. खोकला नाही.

१७ सप्टेंबर

लावली. खोकली.

१८ सप्टेंबर

ही माझा शर्ट वाचायची.

दिवसभर लोकांच्या इतक्या जवळ बसायचं म्हणजे त्यांचे वास अंगाला चिकटणारच. मी दारात आलो की ही आधी खोकायची, मग नाकाला रुमाल लावून लांबूनच सांगायची, "आज एक म्हातारे आले होते. तपकीर ओढणारे. आणि एक मुलगी, नवीन लग्न झालेली. अंगावर सगळी बाटली ओतली होती तिने." बहुतेक वेळा बरोबर. मी विचारायचो, "आणि तिसरं कोण?" ती म्हणायची, "तिसरं तुम्ही. जा, अंग धुऊन या."

मी आंघोळ करून यायचो. मग जवळ बसायची.

२० सप्टेंबर

शनिवार, अर्धा दिवस. जावईबापूंची बाटली तळाला आली म्हणून सिनेमागृहामागच्या गल्लीत गेलो. तिथे खांद्याएवढं रुंद दुकान आहे. मालक तिशीचा असेल, बोलणं पन्नाशीचं. मागे फळीवर एकसारख्या बाटल्या, प्रत्येकीवर नुसता नंबर.

"काका, कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"पहिल्यांदाच?"

मान हलवली. या वयात कान गरम झाले माझे.

"ओरिजिनल दाखवू की हुबेहूब?"

फरक विचारला. म्हणाला, "ओरिजिनलला पगार लागतो, हुबेहूबला नाक लागतं." त्याच्याकडे मोठमोठ्या विलायती सुगंधांच्या नकला. नाव घेत नाही कुणाचं. बारा नंबर, एकतीस नंबर, चव्वेचाळीस नंबर. कागदाच्या पट्ट्यांवर फवारून देत होता. चौथ्या पट्टीला मला सगळंच सारखं यायला लागलं, तेव्हा कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. "हुंगा. नाक धुऊन निघतं."

पुष्कळ शिकवलं त्याने. कोलोन पातळ असतं, तासा-दोन तासांत उडतं. दाट हवं असेल तर तेल जास्त. मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत, वास चिरडतो. आणि प्रत्येक वासाला तोंड, पोट आणि शेपूट. "तोंडाला भुलू नका, काका. पहिली पाच मिनिटं सगळेच गोड बोलतात. पोट कळायला अर्धा तास लागतो. शेपूट संध्याकाळी शर्टात सापडते."

मी विचारलं, "पण नक्कल चांगली की वाईट, हे कसं ओळखायचं?"

"घरच्या माणसाला फरक कळला नाही, की ती हुबेहूब."

बारा नंबर घेतला. स्वस्त होता. आणि पातळ, म्हणून.

२१ सप्टेंबर

बारा नंबर. तोंड लिंबाचं, पोट मिऱ्याचं, शेपूट नाहीच.

एकदाच खोकली. बारीक. जणू म्हणाली, हं, असू दे.

२५ सप्टेंबर

एकतीस नंबर. निळसर. समुद्राचा म्हणे. मला कपड्यांच्या पावडरीसारखा वाटला. हिलाही आवडला नसावा. दोनदा, आणि नंतर भांड्यावर भांडं आपटल्यासारखा आवाज. उठून पाहिलं. सगळी भांडी जागच्या जागी. खिडकीची कडी मात्र निघालेली होती. ही कडी घट्ट आहे, आपोआप निघत नाही.

भीती वाटायला हवी होती. मी कडी तशीच राहू दिली आणि खुर्ची ओढून तिथे बसलो. पोळ्या लाटताना ही जिथे उभी राहायची त्याच्या समोर. चहा प्यालो.

३ ऑक्टोबर

दुकानात मजा झाली. मोतीबिंदूची एक आजीबाई आली होती. मी फ्रेम बसवत होतो तर म्हणते, "छान वास येतोय रे. कुणाला दाखवायचाय?" मालकीणबाई हसल्या. भिंगवाला दारातून डोकं काढून म्हणाला, "काय, दुसरं ठरलं की काय कुठे?"

मीही हसलो. पण दुपारभर तेच डोक्यात. एका माणसाच्या उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला लिहिला. भिंगवाल्याने पकडलं, नाहीतर बिचारा खड्ड्यातच गेला असता.

घरी आल्यावर चव्वेचाळीस नंबर मारला. तंबाखू आणि मध. फवारा संपतोय न संपतोय तोच आतून सुरू झाली. मी म्हणालो, "अगं, ते गमतीने बोलले."

८ ऑक्टोबर

तीन दिवस काहीच लावलं नाही. मुद्दाम. पांढऱ्या साबणाने आंघोळ, धुतलेला शर्ट, खिडक्या उघड्या, घर तिला हवं तसं. स्वयंपाकघरात बसून राहिलो. हाकही मारली.

काही नाही. तिला हवं तसं घर ठेवलं की ती येत नाही.

१९ ऑक्टोबर

हिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. आज फोन सगळा उलथापालथा केला. फोटो आहेत, लेकीच्या लग्नाचे. चित्रफीत आहे, तीत ही मागे उभी, ओठ हलतात आणि वर वाजंत्री. मला फोन करायची ती दोन वाक्यांचा. येताना दूध आणा. बरं ठेवते.

दवाखान्यात शेवटचे दोन दिवस तोंडावर मास्क होता. बोलू देत नव्हते. माझा हात धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. मग खोकली. मग तेही नाही.

म्हणजे खोकलाच तेवढा राहिला.

२५ ऑक्टोबर

हुबेहूबवाला आता मला ओळखतो. आज मीच म्हणालो, काहीतरी जबरदस्त दे. त्याने खालच्या कप्प्यातून साठ नंबर काढला. ऊद. काळपट, दाट, जळक्या लाकडाचा. "काका, एकच फवारा. हा खोलीत तुमच्याआधी शिरतो आणि तुमच्यानंतर निघतो."

मी चार मारले.

खूप वेळ खोकत होती. मी माझ्या खुर्चीवर बसलो आणि बोलत गेलो. आज दुकानात कोण कोण आलं ते सांगितलं. म्हटलं, ओळख बघू. ती दोन मुलं, ज्यांच्या आईला वाटतं की मुलं चष्म्यासाठी नाटक करताहेत. मोठा खरंच नाटक करत होता, धाकट्याला खरंच दिसत नव्हतं. मी बोलत होतो आणि ती मधूनमधून खोकत होती, पूर्वी ऐकता ऐकता हुंकार द्यायची तशी.

किती महिन्यांनी इतकं बोललो. झोप छान लागली.

३ नोव्हेंबर

मालकीणबाईंनी बाजूला घेतलं. "राग मानू नका, पण आता जरा कमी करा. सकाळच्या बाईंना मळमळायला लागलं." आधी वास येतो म्हणून, आता वास येतो म्हणून. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ठरवलं — दुकानात साधंच जायचं. घरी येऊन लावायचं. तसंही दुकानासाठी कुठे लावतोय मी.

९ नोव्हेंबर

लेक एकटीच आली. दारातच थांबली. "बाबा, हे काय? कसला वास कोंडलाय हा?"

आत आली ती नाकाला ओढणी लावून. अगदी हिच्यासारखी दिसली क्षणभर. आरशाखालच्या बाटल्या बघितल्या. रागावेल असं वाटलं होतं, पण आवाज खालीच राहिला. "आईच्या घरात, बाबा?"

मग सांगितलं तिला. सगळं. पहिल्या दिवसापासून. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "बाबा, आपण कुणा डॉक्टरांना भेटूया का? वेडबीड नाही म्हणत मी. एकटं राहून होतं असं."

"तुला ऐकायचंय का? आत्ता ऐकवतो."

"नका ना. प्लीज नका."

मी साठ नंबर उचलला. तिने ऐकावं असं फार वाटत होतं मला. एक माणूस तरी हवा ना बरोबर. हवेत तीन-चार फवारे मारले आणि स्वयंपाकघराकडे कान लावला.

काही आलं नाही आतून. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. लेक एकदम उठली आणि बाहेर गेली. मागोमाग गेलो तर जिन्यात कठडा धरून पाठमोरी उभी होती. खांदे वर-खाली होत होते. रडत होती. मी जवळ गेलो तर हातानेच नको म्हणाली आणि तशीच खाली उतरून गेली.

पोरीला रडवलं मी. आईच्या नावाने.

१० नोव्हेंबर

फोन केला. जावईबापूंनी उचलला. झोपली आहे म्हणाले.

१८ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहिलं नाही तर डोक्यातून जाणार नाही.

दुकानातून आलो. साठ नंबर लावला. खोकला आला, पण बारीक, लांबून. मला तेवढा पुरेना. म्हणून आणखी मारला. मग वरून चव्वेचाळीस. मग पडद्यावर, उशीवर. खोली धुरकटल्यासारखी झाली. माझेच डोळे चुरचुरायला लागले.

आणि मग तो आला. सांगायचा नव्हे. दुसरा. खऱ्या दम्याचा. छातीत शिट्टी वाजते तो, श्वास आत जातो पण बाहेर येत नाही तो. मध्ये मध्ये ओट्यावर हात आपटल्याचा आवाज. हात आपटून मला बोलवायची ही, बोलता यायचं नाही तेव्हा. पंप द्या, पंप द्या.

मी धावलो. कप्पा उघडला. पंप नाही. असणार कसा, मीच तेराव्यानंतर सगळी औषधं दवाखान्यात नेऊन दिली होती. रिकाम्या कप्प्यात हात घालून चाचपत राहिलो आणि शिट्टी वाजतच होती. ओट्यापाशी कुणी नाही आणि हात आपटतोय. मी ओरडलो, "थांब, थांब, आलो." खिडक्या उघडल्या, दार उघडलं. कपड्यांसकट न्हाणीघरात शिरलो, अंगावर बादल्या ओतल्या, पांढरा साबण कातडी निघेपर्यंत घासला. पडदे ओढून काढले. उशी दाराबाहेर फेकली.

हळूहळू थांबलं. शेवटी एक लांब श्वास.

ओल्या कपड्यांनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिलो. जन्मभर एकच काम केलं मी, घरात हिला त्रास होईल असं काही येऊ द्यायचं नाही. आणि आता ती गेल्यावर तिचा खोकला ऐकायला मिळावा म्हणून बाटल्या विकत आणून तिला दमवतोय. आवडीने. वास निवडून निवडून.

१९ नोव्हेंबर

सगळ्या बाटल्या पिशवीत घालून हुबेहूबवाल्याकडे नेल्या.

"काका, उघडलेला माल परत घेत नाही."

"परत नको घेऊस. ठेवून घे नुसत्या."

माझ्याकडे बघत राहिला. "घरी आवडला नाही?"

"नाही."

"मग संपलं," म्हणाला. "घरच्याला आवडला नाही तर ओरिजिनल असून काय उपयोग." पिशवी काउंटरखाली ठेवली. वर चहा पाजला. घरी कोण असतं वगैरे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

२० नोव्हेंबर

शांत.

२३ नोव्हेंबर

शांत. लेकीला फोन करून सांगितलं, टाकल्या बाटल्या. "बरं केलंत, बाबा." आवाज बसला होता तिचा. रडली असेल बहुतेक.

७ डिसेंबर

लिहू की नको. लिहितो.

काल दुकानात एक तरुण आला. मनगटापासून मानेपर्यंत माखलेला, ऊदच होता. साधा नंबर, पाच मिनिटांचं काम. मी दोनदा तपासला. तिसऱ्यांदाही भिंग फिरवलं. जवळ सरकून बसलो, जेवढं जमेल तेवढं अंगाला लागावं म्हणून. तो शेवटी म्हणाला, "काका, एवढं खराब आहे का काही?"

संध्याकाळी शर्ट न बदलता खुर्चीवर बसलो. नाक लावून पाहिलं, शेपूट होती शर्टात. "सांग, आज कोण आलं होतं?"

नाही.

रागावली असेल. किंवा गेली असेल. त्या दिवशीचा तो लांब श्वास शेवटचा असेल. मी दुसऱ्यांदा घालवलं तिला.

१४ डिसेंबर

शांत. घर आता पूर्वीसारखं आहे. कशाचाच वास नाही. ही असताना यालाच मी स्वच्छ म्हणायचो.

२१ डिसेंबर

लेकीचा फोन. "चार दिवस राहायला या ना, बाबा. तुमचं एकट्याचं काही खरं नाही." मालकीणबाईंना फोनवर विचारलं, लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच की जरा वाईटच वाटलं.

लेकीची सर्दी जात नाहीये म्हणे. एक वाक्य बोलते, थांबते. म्हटलं, वाफ घे. थंडीने होतं.

२७ डिसेंबर

लेकीकडे. तिसरा मजला. खोली छोटी पण छान केली आहे माझी. उशाला पाण्याचा तांब्या, चादर नवी. लेक म्हणाली, "तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बसायचं." जावईबापूंनी बाटल्यांच्या कपाटावर टॉवेल टाकून ठेवलाय, माझ्यासाठी. भला माणूस आहे. टॉवेलाखालून वास येतोच.

मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलंय. पण आज जेवताना दोनदा कान स्वयंपाकघराकडे गेले. वेडेपणा. तिला हे घर कुठे माहीत? लेकीने हे घेतलं ते ही गेल्यावर.

२९ डिसेंबर

दवाखान्याच्या बाकावर लिहितोय.

सकाळी जावईबापू कामाला निघाले. घाईत होते, जाता जाता फवारे मारले, पाच-सहा तरी. दार लागलं. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरातून खोकला आला. दोन लहान, एक लांब.

आली. माझ्यामागे इथवर आली.

मी जागचा हललो नाही. हललो तर थांबेल. पेपर मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि ऐकत बसलो. पुन्हा आला. पुन्हा. ओट्यावर हात आपटल्याचा आवाज आला, तोही ऐकला. इतक्या दिवसांनी. पोटभर ऐकला. मग पातेलं पडलं आणि खरंच पडलं, झाकण घरंगळत माझ्या पायाशी आलं.

ओट्याला धरून लेक खाली बसली होती. ओठ निळे.

डॉक्टर म्हणतात दमा आहे, वर्ष-दीड वर्ष तरी अंगावर काढलेला. थोडा आणखी उशीर झाला असता तर — आता बरी आहे. मघाशी मास्क काढला तेव्हा मला जवळ बोलावलं. रागावली नव्हती. नुसतं विचारलं, "बाबा, हाक मारायला श्वास नव्हता. म्हणून खोकत होते, ओटा वाजवत होते. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

ऐकू आलं होतं.